पाण्यावरचे घर आणि शाळेची हजेरी

२८ ऑगस्ट २००९ रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहराच्या न्यायालयात एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मामल्याचा निकाल लागला. मुलीने कसलाही गुन्हा केला नव्हता. आई-वडिलांनी तिला मारहाण केली, उपाशी ठेवले, असाही आरोप नव्हता. तिला एकटीने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती आणि वडिलांचा तिला पाठिंबा होता, एवढीच हकीकत. न्यायालयाने दोन महिन्यांसाठी तिची अर्धी जबाबदारी सरकारी बालसंरक्षण यंत्रणेकडे सोपवली. मुलगी राहणार वडिलांकडेच, पण तिच्याबाबतचे मोठे निर्णय त्यांना एकट्याने घेता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. पुढे ही मुदत २०१० च्या जुलैपर्यंत वाढवण्यात आली.

या मुलीचे नाव लॉरा डेकर. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा तिच्या वडिलांना वेड्यात काढले, आणि शिक्षक म्हणून आमचाही पहिला कल त्याच बाजूला होता. तेरा वर्षांची पोर सातवी-आठवीत असायची, वर्गात बसायची. ती भर समुद्रात एकटी काय करणार? पण लॉरा जन्मली कुठे आणि वाढली कुठे, हे वाचल्यावर प्रश्न इतका सरळ राहत नाही.

लॉराचे वडील डच, नौकाबांधणीच्या धंद्यातले. आई जर्मन. दोघे शिडाच्या नौकेतून सात वर्षांच्या सफरीवर निघालेले असताना २० सप्टेंबर १९९५ रोजी न्यूझीलंडमधील व्हांगारेई या बंदरात लॉराचा जन्म झाला. आयुष्याची पहिली चार-पाच वर्षे तिने नौकेवरच काढली. आपली मुले अंगणात चालायला शिकतात. ही पोर हलत्या फळ्यांवर चालायला शिकली. पुढे आई-वडील विभक्त झाले आणि लॉरा वडिलांकडे राहिली. सहाव्या वर्षी तिला स्वतःची छोटी होडी मिळाली, दहाव्या वर्षी सात मीटरची नौका. तिचे नाव तिने गप्पी ठेवले. लॉराच्या पुढच्या नौकाही गप्पीच.

असे नौकेवर राहणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांना गर्भश्रीमंत समजण्याची चूक करू नये. ज्यांच्या आलिशान नौकांची छायाचित्रे छापून येतात ते निराळे. हे लोक बहुधा मध्यमवर्गीय असतात. घर विकून किंवा भाड्याने देऊन पस्तीस ते पंचेचाळीस फुटांची जुनी नौका घेतात, ती दुरुस्त करतात आणि वाऱ्याच्या जिवावर देशोदेशी फिरतात. पैसे संपले की एखाद्या बंदरात सहा महिने, वर्षभर थांबून काम करतात. कोणी सुतारकाम करतो, कोणी रुग्णालयात नर्स म्हणून राहते, कोणी इंजिने दुरुस्त करून देतो. पुरेशी शिल्लक पडली की पुन्हा नांगर उचलतात.

चाळीस फूट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. आमच्या शाळेची वर्गखोली वीस फुटांची आहे, म्हणजे अशा दोन खोल्या एकापुढे एक. पण नौका पुढे निमुळती होत जाते आणि सर्वांत फुगीर जागीही ती बारा-एक फूटच रुंद असते. त्यातली बरीच जागा इंजिन, टाक्या, शिडे, दोर आणि सुट्या भागांनी अडवलेली. उरलेल्या जागेत स्वयंपाकघर, झोपायच्या दोन-तीन जागा, बसायचे बाकडे, नकाशाचे मेज आणि हाताने पंप मारायचे शौचालय. त्या शौचालयाची झडप उघडी राहिली तर समुद्र घरात येऊ शकतो, म्हणून नौकेवरची लहान मुले अक्षरे शिकण्याआधी झडपा ओळखायला शिकतात.

पाण्याचा हिशेब तर गणिताच्या पेपरात घालावा असा आहे. टाकीत चारशे लिटर पाणी धरू. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांपासून पलीकडच्या कॅरिबियन बेटांपर्यंत साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे वारा नीट असला तर तीन आठवडे. माणसे चार. माणशी रोजचे पावणेपाच लिटर येते. त्यातच पिणे, स्वयंपाक, तोंड धुणे. शिवाय वाटेत वारा पडला तर म्हणून काही राखून ठेवायचे, ते वेगळेच. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्याचा नुसता हात फिरवायचा. अंघोळही खारट पाण्याची, शेवटी एक तांब्या गोडे पाणी. बटाटे उकडताना थोडे समुद्राचे पाणी घातले की मीठ वाचते. पाऊस आला की सगळे घर बाहेर धावते. शिडाखाली कापड बांधून पाणी टाकीत सोडायचे आणि त्याच सरीत कपडे धुऊन घ्यायचे. खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आता मिळतात, पण ती वीज खातात आणि नेमकी भर समुद्रात बिघडतात. वीज येते सौरपट्ट्यांतून आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्यातून. ढगाळ आठवडा आला की रात्रीचा दिवाही मोजून लावायचा.

स्वयंपाकघराची गोष्ट घरातल्या बायकांना विशेष रुचेल. नौका तिरकी झाली तरी भांडे सरळ राहावे म्हणून चूल दोन बाजूंच्या खिळ्यांवर झोक्यासारखी टांगलेली असते. उभे राहणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधतात, नाहीतर एका लाटेसरशी माणूस आमटीसकट पलीकडे. आपला प्रेशर कुकर या मंडळींचा फार लाडका. झाकण घट्ट बसते, सांडत नाही, गॅस वाचतो. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटी करून ठेवायची, म्हणजे फ्रिजशिवाय कितीतरी आठवडे टिकतात. कोबी, कांदे, बटाटे, लिंबे यांच्यावर भिस्त. पुठ्ठ्याचे खोके नौकेत कधीच आणायचे नाही, सामान धक्क्यावरच काढून घ्यायचे, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. एकदा झुरळ शिरले की समुद्रात कुठले औषध आणि कुठला मारणारा!

झोप ही आणखी एक महागडी वस्तू. नौका रात्री कुठे उभी करता येत नाही, ती चालतच राहते. दोघे असतील तर तीन-तीन, चार-चार तासांची पाळी. एकटा असेल तर तुकड्यातुकड्यांनी झोपायचे. क्षितिजावर दिसलेले मोठे जहाज वीस-पंचवीस मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटे दर्यावर्दी वीस मिनिटांचा गजर लावून डोळा मिटतात. आता जवळ जहाज आले की ओरडणारी यंत्रेही असतात. वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू सांभाळणारे पाते मागे बसवलेले असते, त्यामुळे हात मोकळे राहतात. पण पाते म्हणजे पहारेकरी नव्हे. समोर काय आहे ते त्याला दिसत नाही.

निघायचे कधी, हे माणूस ठरवत नाही. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस, म्हणून अटलांटिक ओलांडणारे त्यानंतर पोचतील असे निघतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल वादळी, म्हणून पनामाहून वसंतात निघून नोव्हेंबरच्या आत न्यूझीलंड गाठायचे. आपल्या कोकणातला कोळीही पावसाळ्यात होडी वर ओढतो, त्याला हे नवे नाही. अरबी दर्यावर्द्यांचा मौसम हा शब्द मुळात अशा ठरलेल्या हंगामाचाच. युरोपियन खलाशांनी तो उचलला आणि त्याचा मान्सून झाला. मराठीतला सुकाणू हाही अरबी सुक्कान. आणि उर्दू-मराठी शिकवणाऱ्याने सांगितल्याशिवाय राहू नये अशी गंमत म्हणजे, नौकेला वाट दाखवणाऱ्या जाणकाराला अरब खलाशी मुअल्लिम म्हणत. त्याचाच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मालम झाला. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. पंधराव्या शतकात होकायंत्र, तारे आणि हिंदी महासागरातील वाटांवर ग्रंथ लिहिणारा इब्न माजिद हा असाच मुअल्लिम होता.

मग नौकेवरच्या मुलांचा शिक्षक कोण? बहुधा आई, सकाळी नाश्त्यानंतर, दोन-तीन तास. पुस्तके टपालाने येतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलने १९०६ पासून घरी शिकण्याचे अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली आणि कित्येक नौकावासी कुटुंबांनी ते वापरले. न्यूझीलंडची सरकारी पत्रद्वारा शाळा १९२२ सालची. लॉराचे नाव वेरेल्डस्कूल या डच दूरशिक्षण संस्थेत होते. या मुलांचा भूगोल पाठ करावा लागत नाही. अक्षांश-रेखांश, भरती-ओहोटी, वेग-वेळ-अंतर ही त्यांची रोजची घरची भाषा असते. आमच्या वर्गात 'वेग बरोबर अंतर भागिले वेळ' हे सूत्र फळ्यावर वीस वेळा लिहूनही जे होत नाही ते तिथे एका दिवसात होते, कारण उत्तर चुकले तर किनारा चुकतो.

तरीही या शिक्षणाचे नुसते गोडवे गाणे आम्हाला पटत नाही. शाळा म्हणजे केवळ धडे नव्हेत. आपल्या वयाच्या चाळीस पोरांत भांडणे, गट करणे, हरणे, डबा वाटून खाणे हेही शिक्षणच, आणि ते नौकेवर मिळत नाही. मैत्री झाली की दोन आठवड्यांत एकाची नौका पूर्वेला आणि दुसऱ्याची पश्चिमेला. काही मुले मोठी होऊन हे दुःख बोलून दाखवतात. शिवाय नौकेची निवड आई-बापांची असते. पाच वर्षांच्या पोराला कोणी विचारत नाही.

लॉराचे प्रकरण यासाठीच वेगळे. इथे आग्रह मुलीचा होता. मे २००९ मध्ये ती एकटीच उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडमधील लोस्टॉफ्टला गेली. तेथील अधिकाऱ्यांनी तिला बालगृहात ठेवले आणि वडिलांना बोलावून घेतले. वडील आले, आणि मुलगी पुन्हा एकटीच नौका हाकत घरी परतली! ऑगस्टमध्ये तिचा जगप्रदक्षिणेचा बेत जाहीर झाला. डच कायद्यानुसार सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची आहे, त्यामुळे सरकार मध्ये पडणारच होते. डिसेंबरमध्ये ती घरातून नाहीशी झाली आणि थेट कॅरिबियनमधील सिंट मार्टेन बेटावर सापडली. तिला परत आणण्यात आले. इतक्या घडामोडीनंतर न्यायाधीशांनी हिचे ऐकावे तरी का, असे कोणालाही वाटेल.

हा सरकारी धाक निष्कारण नव्हता. त्याच काळात ऑस्ट्रेलियाची सोळा वर्षांची जेसिका वॉटसन सरावाच्या फेरीतच मालवाहू जहाजावर आदळली. पुढे तिने मे २०१० मध्ये आपली प्रदक्षिणा पुरी केली, ही गोष्ट वेगळी. जून २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲबी संडरलँडची डोलकाठी भर हिंदी महासागरात मोडली आणि तिला एका फ्रेंच मासेमारी जहाजाने वाचवले. तीही सोळाची. आणि तयार माणूस कसा असतो हे पाहायचे तर आपले दिलीप दोंदे पाहावेत. उट्रेख्टच्या निकालाच्या नऊ दिवस आधी, १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून 'म्हादेई' या छप्पन फुटी नौकेतून एकटे निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. गोव्यात दिवाडी बेटावर ती नौका बांधली गेली. नौदलातला कसलेला अधिकारी, पाठीशी अख्खे नौदल, तरी तयारी २००६ पासून चाललेली. तेरा वर्षांच्या मुलीला 'थांब' म्हणण्यात काय चूक होती?

आमच्या मते चूक नव्हतीच. त्या अकरा महिन्यांनी लॉराचे भलेच झाले. आधी ती आठ मीटरच्या नौकेतून निघणार होती. आता वडिलांच्या मदतीने तिने जुनी, बारा मीटरच्या आसपासची, दोन डोलकाठ्यांची भक्कम नौका हाताने दुरुस्त करून तयार केली. प्रथमोपचार शिकली, अपुऱ्या झोपेत काम करण्याचा सराव केला, दूरशिक्षणाची व्यवस्था लावली. मग २७ जुलै २०१० रोजी मिडलबर्गच्या न्यायालयाने सरकारी देखरेख उठवली आणि निर्णय आई-वडिलांवर सोपवला. आईने आपली भीती वृत्तपत्राजवळ बोलून दाखवली होती. तरी अखेर दोघांनीही मुलीला जाऊ दिले.

ही सगळी हकीकत आम्ही नववीच्या मुलींना सांगितली आणि तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते, असे विचारले. वर्गात एकदम गलका. बहुतेकींनी सोळा वर्षांपर्यंत थांबवले असते. एक म्हणाली, "टीचर, म्हणजे धुणीभांडी तिथेही आहेतच की!" दुसरीने विचारले, रात्री भीती वाटली तर ती हाक कोणाला मारणार? आणि मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने विचारले, "टीचर, मुलगा असता तर कोर्ट भरले असते का?"

उत्तर सांगण्यासारखे आहे. इंग्लंडच्या मायकल पेरहॅमने चौदाव्या वर्षी एकट्याने अटलांटिक ओलांडला. वडील दुसऱ्या नौकेतून मागे होते. सतराव्या वर्षी त्याने एकट्याने जगाची फेरी पूर्ण केली ती २७ ऑगस्ट २००९ रोजी, म्हणजे उट्रेख्टच्या निकालाच्या बरोबर आदल्या दिवशी. त्याच्यासाठी कोर्ट भरल्याचे आमच्या वाचनात नाही. अर्थात सतरा आणि तेरा यांत फरक आहे, हेही मुलींना सांगितले. प्रश्न मात्र वहीत लिहून ठेवावा असाच.

दुसरा एक योगायोग आम्हाला टोचतो. आपल्याकडे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २६ ऑगस्ट २००९ रोजी, त्याच आठवड्यात. म्हणजे चौदाव्या वर्षी कायद्याचा हात सुटतो. तिकडे त्या वयाच्या एका मुलीने शाळा सोडू नये म्हणून न्यायालय बसले. इकडे आठवी झालेली मुलगी जूनमध्ये पुन्हा दिसत नाही. चौकशी केली तर "आता घरीच असते" एवढे उत्तर मिळते, आणि पटावरचे नाव कमी होते. तिला काय हवे होते, हे विचारायला ना खाते येते ना वर्तमानपत्र.

लॉराची पुढची सफर थोडक्यात अशी. पोर्तुगालमध्ये तिच्या वयाला एकटीने नौका नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून २१ ऑगस्ट २०१० रोजी ती जिब्राल्टरहून निघाली. वय चौदा. कॅनरी बेटे, केप व्हर्दे, अटलांटिक, सिंट मार्टेन, पनामा कालवा, गालापागोस, ताहिती, टोंगा, फिजी, आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन. बेटाबेटांवर थांबत, दुरुस्त्या करत. शिडे फाटली की शिवत, नौकेच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडत. वाटेत ती स्वतःचे चित्रण करीत होती. त्यावरूनच 'मेडनट्रिप' हा माहितीपट २०१३ मध्ये आला. त्यात ही मुलगी कधी स्वयंपाक करताना दिसते, कधी रडवेली होते, कधी एकटीच खिदळते.

डार्विनहून सुवेझच्या बाजूने जवळचा रस्ता होता, पण २०११ हे वर्ष सोमाली चाच्यांचे. त्या फेब्रुवारीत चार अमेरिकन नौकावासी त्यांच्या हाती पडून मारले गेले. त्याच महिन्यात तीन मुलांसह निघालेल्या एका डॅनिश कुटुंबाची नौका चाच्यांनी पकडली आणि ती मुले सहा महिन्यांहून अधिक काळ ओलीस राहिली. त्या आई-वडिलांचा बचाव करणे आम्हाला जमणार नाही. धोका जगजाहीर होता. लॉरा मात्र दक्षिणेची लांब वाट धरून, कुठेही न थांबता, दीड महिन्याहून अधिक काळ एकटीने हिंदी महासागर ओलांडून नोव्हेंबरमध्ये डर्बनला पोचली. सोळावा वाढदिवस तिने नुकताच मागे टाकला होता.

सफर संपत आली तेव्हा मागे पडलेल्या अभ्यासाबद्दल डच अधिकाऱ्यांनी वडिलांकडे विचारणा केली. लॉरा चिडली. नौका सांभाळणे आधी, गृहपाठ नंतर, असे तिचे म्हणणे. इथे आम्हाला हसूही येते आणि अधिकाऱ्यांची कीवही. हजेरीपटात 'हिंदी महासागरात' असा शेरा मारायला जागा नसते, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक? पण गृहपाठ खरोखरच राहिला होता, हेही तितकेच खरे.

२१ जानेवारी २०१२ रोजी गप्पी सिंट मार्टेनच्या बंदरात शिरली. जिब्राल्टर सोडून ५१८ दिवस झाले होते. धक्क्यावर आई, वडील, बहीण सारेच आले होते. सर्वांत लहान वयाच्या विक्रमांची नोंद गिनेस आता घेत नाही, मुलांना भरीला घालायला नको म्हणून, त्यामुळे तिच्या नावावर अधिकृत विक्रम नाही. ती नेदरलँड्सला परतली नाही. नौका तशीच पुढे हाकत न्यूझीलंडला, आपल्या जन्मबंदरी व्हांगारेईला जाऊन राहिली. पुढे तिने किशोरवयीन मुलांना शिडाच्या नौकेवर नेऊन शिकवणारी संस्था काढली. गप्पी तिने मुलांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेला देऊन टाकली. तिकडे नेत असताना कुक बेटांजवळ ती खडकावर आदळली आणि फुटली.